मायनस एटी आणि विरजण

आमची आई बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगते की मी जंतांच्या ऑफिसात आहे. ऑफिस नाही गं आई, लॅब, आणि जंत पण नाहीत, सूत्रकृमी म्हणतात त्यांना, कुणाच्या पोटाबिटात नसतात ते, कुजलेल्या फळांत पालापाचोळ्यात राहतात, हे मी गेली चौदा वर्षं सांगतेय आणि ती मान डोलावते आणि लिफ्टमध्ये कुणी भेटलं की पुन्हा जंतच. एकदा तळमजल्यावरच्या काकांनी विचारलं, म्हणजे तिथे नेमकं करते काय ती, तर आई म्हणाली, "फ्रीजर सांभाळते."

हे मात्र शंभर टक्के खरं आहे.

माझ्या हुद्द्याचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण निम्मं काम म्हणजे किडे फ्रीज करणं, ते कुठल्या रॅकच्या कुठल्या बॉक्समध्ये कितव्या खणात आहेत याची वही ठेवणं, आणि कुणी मागितले की काढून, वितळवून, जिवंत करून देणं. हो, जिवंत करून. इथे लोकांना हसू येतं नाहीतर अंगावर काटा येतो. मायनस ८० ला, किंवा लिक्विड नायट्रोजनमध्ये मायनस १९६ ला वर्षानुवर्षं पडून राहिलेला प्राणी बाहेर काढायचा, आणि थोड्या वेळाने तो वळवळत जेवायला लागतो. २०२३ मध्ये ती बातमी आली ना, सैबेरियातल्या कोलिमा नदीकडच्या गोठलेल्या मातीतून काढलेले सूत्रकृमी ४६,००० वर्षांनी पुन्हा हलायला लागले, तेव्हा मामाने ती फॅमिली ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, तुझी नोकरी गेली. मी लिहिलं, त्यांच्यावर लेबल नव्हतं मामा, माझ्यावर लेबलांची जबाबदारी आहे.

आमच्या किड्याचं पूर्ण नाव सीनोरॅब्डायटिस एलिगन्स, पण लॅबमध्ये एवढं कोण बोलतंय, सगळे वर्म्सच म्हणतात. लांबी एक मिलीमीटर, म्हणजे राजगिऱ्याच्या दाण्याएवढी. काचेसारखा आरपार, मायक्रोस्कोपखाली धरला की घास गिळताना दिसतो, पोटातली अंडी मोजता येतात. मोठ्या झालेल्या किड्याच्या शरीरात, अंडी-शुक्राणू सोडले तर, बरोबर ९५९ पेशी, त्यातल्या ३०२ मज्जापेशी, ह्या किड्यात तेवढ्या आणि शेजारच्या किड्यातही तेवढ्याच. बहुतेक सगळे नर-मादी एकाच अंगात, त्यामुळे स्थळं बघायची भानगड नाही, एकटा किडा तीनेकशे पोरं घालतो आणि ती पोरं तीन-साडेतीन दिवसांत मोठी होऊन स्वतःची पोरं घालायला लागतात. सिडनी ब्रेनर नावाच्या शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये केंब्रिजला बसून ठरवलं की मेंदू कसा बनतो आणि कसा चालतो हे समजून घ्यायला असाच साधा प्राणी हवा, आणि पुढे २००२ मध्ये त्याला आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं. त्या दोघांतला एक जॉन सल्स्टन. तो लक्षात ठेवा.

आता लॅबमध्ये हा किडा जिवंत ठेवणं फार अवघड नाही. छोट्या प्लेटमध्ये अगारची जेली, तिच्यावर बॅक्टेरियाचा थर, आणि त्यावर किडे चरत असतात. काही दिवसांत खाणं संपतं, मग जुन्या प्लेटमधून ब्लेडने जेलीचा एक चौकोनी तुकडा कापायचा, बर्फीची वडी काढतो तसा, आणि नव्या प्लेटवर उपडा ठेवायचा. याला आम्ही चंक करणं म्हणतो. किडे तुकड्यातून बाहेर येतात आणि नवा संसार सुरू. पहिल्यांदा मी हे बघितलं तेव्हा मला काही नवीन वाटलंच नाही, कारण हे तर विरजण लावणं झालं. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात, आजच्यातलं उद्याच्यात.

पण जिने घरी वर्षभर दही लावलंय तिला माहीत असतं की तेच विरजण चालवत राहिलं की एक दिवस दही बिघडतं. कधी आंबटढाण होतं, कधी तार सुटते, नेमकं कधी बदललं ते कळत नाही कारण रोजचं दही कालच्यासारखंच लागत असतं. किड्यांचंही तसंच. पिढ्यांमागून पिढ्या चंक करत राहिलं की कुठेतरी एखादा जीन बदलतो, आणि प्लेटवर जर त्याने किड्याचा फायदाच होत असेल तर बदललेलेच मागे उरतात, आणि प्लेटवर नाव मात्र तेच जुनं लिहिलेलं असतं.

याचा सगळ्यात भारी किस्सा खुद्द एनटूचा. एनटू म्हणजे जगभरच्या वर्म लॅबमधला स्टँडर्ड "नॉर्मल" किडा, बाकी सगळ्यांची तुलना त्याच्याशी. हा इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ मशरूमच्या कंपोस्टमधून १९५१ मध्ये काढला होता. तिथून पुढची जवळजवळ अठरा वर्षं तो नुसता एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर, एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये चालत राहिला, कारण तोवर त्याला फ्रीज कसं करायचं तेच कुणाला येत नव्हतं. १९६९ मध्ये सल्स्टन ब्रेनरकडे आला आणि फ्रीज करण्याची पद्धत बसवली. तिथे एनटूचं घड्याळ थांबलं. पण त्या अठरा वर्षांत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. रानातले किडे प्लेटवर सोडले की बरेचसे एकमेकांना चिकटून, घोळका करून, कडेला बसून जेवतात. एनटू एकटा एकटा जेवतो. किती वर्षं लोकांना वाटत होतं की एकटं जेवणारा हा निसर्गातलाच एक प्रकार असणार, आणि मग उलगडलं की ज्या जीनमुळे हे होतं त्यातला बदल लॅबमध्येच झालाय, प्लेटवर, माणसाच्या हाताखाली. म्हणजे आपण ज्याला नॉर्मल म्हणून मोजपट्टी केली तो पीजीत राहून बिघडलेला मुलगा निघाला.

म्हणून फ्रीजर. लोकांना वाटतं आम्ही किडा मरू नये म्हणून गोठवतो. मरण्याचं एवढं काही नाही हो, चंक करत राहिलं तर तो आपल्याला पुरून उरेल. तो बदलू नये म्हणून गोठवायचं.

हे करायचं कसं, तर रेसिपीवर जाऊ नका, ती अर्ध्या पानाची आहे. सगळी मेख आहे ती किड्यांच्या वयात आणि भुकेत. खाऊनपिऊन गुटगुटीत असलेले किडे फ्रीजरमध्ये मरतात. मोठे झालेले मरतात, अंडी फारशी टिकत नाहीत. टिकतात ती पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतली अगदी लहान पिल्लं, आणि ती पण नुकतीच उपाशी पडलेली. म्हणजे प्लेटवरचं खाणं आज-काल संपलंय, पिल्लं सैरावैरा फिरतायत, तो मुहूर्त गाठायचा. त्याहून जास्त उपाशी ठेवलं तर दुसरीच गंमत, गर्दी आणि दुष्काळ एकदम आला की पिल्लं एक वेगळंच रूप घेतात, त्याला डावर म्हणतात, बारीक, तोंड बंद, अंगावर जाड कातडं, आणि त्या रूपात ती खाण्यावाचून महिनोन्महिने काढू शकतात. वाटेल की मग हीच फ्रीजरसाठी बेस्ट, दुष्काळासाठीच तर बनलीयत. तर नाही. दुष्काळ काढणारी ही मंडळी गोठवली की बरीचशी दगावतात.

तर मुहूर्त साधला की प्लेटवर मिठाचं बफर ओतायचं, हलकेच गोल फिरवायचं, किडे पाण्यात सुटतात, ते ट्यूबमध्ये घ्यायचे. ३० टक्के ग्लिसरॉल घातलेलं फ्रीजिंग सोल्युशन त्यात समसमान मिसळायचं, म्हणजे शेवटी ग्लिसरॉल राहतं १५ टक्के. मग एक एक मिली छोट्या प्लास्टिकच्या व्हायलमध्ये. आणि व्हायल थेट गारठ्यात टाकायच्या नाहीत, थर्माकोलच्या डब्यात घालून, झाकण लावून, डबा मायनस एटीत रात्रभर. एन्झाइम ज्या थर्माकोलच्या डब्यातून येतात ते मी कधीच फेकू देत नाही, त्यावरून मला चिडवतात पण. थर्माकोलमुळे आतलं तापमान हळूहळू उतरतं, मिनिटाला साधारण एक अंश. घाईत गोठवलं तर पेशीच्या आत बर्फाचे खडे होतात आणि पेशी फाटते. हळू उतरवलं तर बाहेरचं पाणी आधी गोठतं, आतलं पाणी हळूहळू बाहेर खेचलं जातं, पेशी जरा आक्रसते आणि वाचते. ग्लिसरॉल आत शिरून तिला सांभाळतं.

ग्लिसरॉलचा हा गुण सापडला तोही चुकीच्या लेबलमुळे. १९४९ मध्ये लंडनला पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स ही मंडळी कोंबड्याचं वीर्य गोठवायच्या मागे होती. साखरेच्या पाण्यात काही केल्या जमेना, आणि मग थंडीत ठेवलेल्या जुन्या बाटलीतलं सोल्युशन वापरलं तर एकदम जमलं. बाटलीवर साखरेचं नाव, पण तपासल्यावर आत निघालं ग्लिसरॉल. कोल्ड स्टोअरेजमध्ये लेबलांची कुठेतरी अदलाबदल झाली असावी. मी नव्या पोरांना हा किस्सा सांगते आणि शेवटी बजावते की त्यांचं नशीब होतं म्हणून चुकीचं लेबल लागून शोध लागला, तुमचं लागलं तर मी ओरडणार. मार्करने लिहिलेलं स्पिरिटचा एक थेंब पडला की पुसतं. पेन्सिल पुसत नाही. आईच्या फ्रीजरमधल्या डब्यांवर पण पट्टी लावून पेन्सिलने लिहिलेलं असतं, "आंबा गर, मे", वर्ष नसतं, ते तिला पाठ असतं.

आणि मग शेवटची पायरी, जी सगळ्यात कंटाळवाणी. दुसऱ्या दिवशी त्याच लॉटमधली एक व्हायल काढायची, वितळवायची, प्लेटवर ओतायची आणि बघायचं. याला टेस्ट थॉ म्हणतात. सगळे किडे उठत नाहीत, नायट्रोजनमधल्या चांगल्या लॉटमध्ये शंभरातले पस्तीस ते पंचेचाळीस उठतात, आणि तेवढे पुरतात, खरं तर एक उठला तरी पुरतो कारण तो एकटा तीनशे करणार. मेलेला किडा काडीसारखा सरळ पडलेला असतो. सुरुवातीला सगळेच तसे दिसतात, शिवणाच्या डब्यातले दोऱ्याचे तुकडे सांडावेत तसे. बघत राहायचं. मग कुठेतरी एका टोकाला जरा वाकल्यासारखं होतं, आपल्याला वाटतं पाणी हललं, मग पुन्हा.

२०१७ ला मी हेच केलं नाही.

गणपती ऑगस्टच्या २५ ला होते. आदल्या आठवड्यात लॅबमधल्या एका मुलीने तिचा डबल म्युटंट माझ्या हातात दिला. दोन वेगवेगळे बिघडलेले जीन एकाच किड्यात आणायचे म्हणजे क्रॉस लावायचे, हजारो पोरांतून हवा तो हुडकायचा, पुन्हा क्रॉस, तिचे आठ महिने गेले होते त्यात. ते किडे चालताना आकड्यासारखे वळून स्वतःभोवतीच फिरायचे, आम्ही त्यांना भोवरे म्हणायचो. मला रात्रीची कोकणातली गाडी पकडायची होती, रिझर्व्हेशन चार महिने आधी केलेलं, आणि प्लेट बघितली तर खाणं अजून शिल्लक. दोन दिवस थांबायला हवं होतं. मी म्हटलं, चालतंय. सहा व्हायल भरल्या, डबा मायनस एटीत ठेवला, लॅबमधल्या एकाला सांगितलं उद्या हलव, दोन नायट्रोजनमध्ये टाक, आणि दादर गाठलं. आठ दिवसांनी मोदक खाऊन परत आले तर वहीत सगळ्या ओळींसमोर बरोबरच्या खुणा आणि ह्या एका ओळीसमोर रिकामं. टेस्ट थॉ राहिला होता. आणि मी, मला आजही तो क्षण आठवतो, फोनवर आईशी बोलत बोलत तिथे खूण करून टाकली. कारण वही रिकामी बरी दिसत नव्हती.

पुढची अडीच वर्षं काही झालं नाही. भोवरे प्लेटवर चालत होते, कुणाला फ्रीजरकडे बघायची गरजच पडली नाही.

मग मार्च २०२०. सोळा ते वीस तारखेचा तो आठवडा जगातल्या सगळ्या वर्म लॅबमध्ये सारखाच गेला असणार. बंद होणार हे कळत होतं, किती दिवस ते नाही. रोज कुणीतरी येऊन चंक करणं शक्य नव्हतं. शिवाय मुंबईत किडे टेबलावर टाकून जाता येत नाहीत. ह्यांना लागतं २० अंश, पंचविसाच्या वर पोरं कमी व्हायला लागतात, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये बंद खोलीत तीसच्या वर जातं, म्हणजे संसारच बंद. तेव्हा ठरलं की जे फ्रीज नाहीत ते सगळे फ्रीज करायचे आणि जे आधीच आहेत त्यांच्या प्लेट सरळ टाकून द्यायच्या. मी वही घेऊन उभी राहिले आणि खुणा बघून नावं वाचत गेले. "आहे. आहे. हा पण आहे." ऐकणारा प्लेटा पिशवीत टाकत होता, ऑटोक्लेव्हसाठी, म्हणजे वाफेत सगळं मारून टाकायला. भोवऱ्यांच्या चार प्लेट माझ्या "आहे" वर गेल्या. शुक्रवारी संध्याकाळी निघाले, रविवारी जनता कर्फ्यू आणि त्या रात्रीपासून लोकल बंद, आणि मग भांडुपच्या घरात मी, आई आणि तिचा फ्रीजर.

ते महिने सगळ्यांनी लिहून झालेत, मी नाही लिहित. एवढंच की आमच्या लॅबचा नायट्रोजन त्या काळात एका माणसामुळे टिकला. मायनस एटीला वीज लागते, नायट्रोजनच्या टाकीला वीज लागत नाही पण तो सतत उडून जात असतो, त्याला भरणारा माणूस लागतो. म्हणून तर प्रत्येक स्ट्रेन, म्हणजे किड्यांचा एकेक वाण, दोन्हीकडे ठेवायचा, एकाने दगा दिला तर दुसरा. आमचे लॅबमधले मामा, म्हणजे सगळ्यांचेच मामा, जवळ राहायचे, ते परवानगीचा कागद खिशात घालून आठवड्यातून एकदा चालत यायचे, टाकीत काठी बुडवून बाहेर काढायचे, काठीवर जिथपर्यंत पांढरं बर्फ धरतं तिथपर्यंत नायट्रोजन, त्याचा फोटो मला पाठवायचे. माझ्या फोनमध्ये त्या काठीचे कितीतरी फोटो आहेत, नातवंडांचे असावेत तसे.

१२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची लाइट गेली, आठवत असेल. लॅबमधून फोन आला, जनरेटर चालू झालाय पण आपला एक फ्रीजर त्या लाइनवर नाहीये, डिस्प्ले बघायला उघडू का? मी इकडून ओरडले, दार उघडू नकोस! बंद राहिलं तर तासन्‌तास काही होत नाही, उघडलं की गेलं. आणि फोन ठेवते तर किचनमधून आई माझ्यावर ओरडतेय, दार उघडू नकोस, कारण मी बोलता बोलता पाण्याच्या बाटलीसाठी आमच्या फ्रीजला हात घातला होता.

२१ ऑक्टोबरपासून बायकांना लोकलने जायची परवानगी मिळाली, सकाळी अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. नोव्हेंबरमध्ये आम्ही एकेक स्ट्रेन परत काढायला लागलो. एनटू उठला, बाकीचे उठत गेले. भोवऱ्यांची व्हायल वितळवली, प्लेटवर ओतली. काड्या. तासाने काड्या. दुसऱ्या दिवशी काड्याच, आणि आकाराने मोठ्या काड्या, म्हणजे बघताक्षणी कळत होतं की हे भरल्या पोटाचे मोठे किडे गोठवलेत. दुसरी व्हायल, तिसरी. नायट्रोजनमधली. सगळ्यात शेवटची उघडताना माझे हात कापत होते आणि तसं पण ग्लोव्हजमध्ये हात कापतातच त्यामुळे कुणाला कळलं नाही. सहाच्या सहा.

लॅबच्या मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "वहीत तर ओके आहे." मी म्हटलं, ती खूण मीच केली, न बघता. त्या काही बोलल्या नाहीत, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मुलीचं थिसिस तोवर अर्धं लिहून झालं होतं आणि दोन प्रयोग बाकी होते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात आमच्या किड्यांचा मोठा संग्रह आहे, जगभरच्या लॅब तिथे आपले स्ट्रेन ठेवतात आणि कुणीही मागवू शकतं, पण आमचं काम छापून यायचं होतं म्हणून भोवरे तिथे पाठवलेच नव्हते. म्हटलं, छापून येऊ दे, मग देऊ.

त्या रात्री मी जेवताना गप्प होते. आईला फ्रीजर एवढंच कळतं म्हणून मी तिला तेवढंच सांगितलं, की एक चीज मी न तपासता ठेवली आणि ती खराब निघाली आणि आता जगात कुठे नाही. आई ताक घुसळत होती. म्हणाली, "कुणालाच दिलं नव्हतंस?"

आता ह्या प्रश्नाला मागचं आहे. एप्रिलमध्ये आमचं विरजण गेलं होतं. तीन दिवस दूध मिळालं नाही, होतं ते दही संपलं, उरलेल्या चमचाभराला बुरशी आली. आईचं विरजण म्हणजे आजीकडून आलेलं वगैरे ती सांगते, मला शंका आहे, पण तिचं दही जमतं ते खरं, सुरीने कापावं असं. ती दोन दिवस कुणी गेल्यासारखी बसली होती. आणि मग तिला आठवलं की समोरच्या काकूंनी फेब्रुवारीत आपल्याकडून नेलं होतं. काकूंनी दारात स्टुलावर वाटी ठेवली, बेल वाजवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं, तेव्हा तसंच होतं सगळं. आईने वाटी आणली, दूध कोमट केलं, लावलं. सकाळी बघितलं आणि म्हणाली, आपलंच आहे. मग जरा वेळाने, "थोडं आंबट केलंय तिने."

तर, कुणालाच दिलं नव्हतंस? दुसऱ्या दिवशी अकराची लोकल पकडून मी लॅबमध्ये गेले आणि जावक रजिस्टर काढलं. जुन्या नोंदी चाळत २०१८ पर्यंत मागे गेले. ऑक्टोबर २०१८, भोवरे, एक प्लेट, परदेशातल्या एका लॅबला. त्या मुलीने कॉन्फरन्समध्ये पोस्टर लावलं होतं, कुणीतरी बघून मागितलं, मीच पॅराफिल्म गुंडाळून पाठवलं होतं आणि विसरले होते. मेल केली. लिहायला तीन तास लागले, चार ओळींना. दोन दिवसांनी उत्तर आलं, हो, आम्ही आल्या आठवड्यातच फ्रीज करून ठेवले होते, काढतो, उठले तर पाठवतो.

जानेवारीत पाकीट आलं. वाटेत बरेच दिवस गेले होते. प्लेटमधली जेली सुकून एका कडेला सरकली होती, वर नाव आणि नंबर, आणि नंबरात मी २०१८ ला केलेली चूक, सातच्या जागी एक, त्यांनी इमानेइतबारे तशीच उतरवून घेतलेली. मायक्रोस्कोपखाली धरलं तर खाणं कधीच संपलेलं आणि सगळे डावर, बारीक, तोंड मिटून पडलेले. टोचलं तर हलायचे. वळून, आकडा करून.

त्यांना नवीन प्लेटवर सोडलं. दुसऱ्या दिवशी तोंडं उघडली होती, जेवत होते. आधी पोटभर खाऊ घातलं, पोरं होऊ दिली, त्या पोरांची पोरं होऊ दिली, आणि मग पुन्हा उपाशी पडायची वाट बघत बसले. एकदा वाटलं झालं, बघितलं तर कडेला थोडं खाणं होतं. ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पण जरा होतं. तिसऱ्या दिवशी प्लेट स्वच्छ आणि पिल्लं सैरावैरा. सहा व्हायल, पेन्सिलने नाव, बरोबर नंबर. थर्माकोलचा डबा, रात्रभर.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक काढली. हातात धरूनच वितळवली, प्लेटवर ओतली. सातच्या आधी मला गाडीत चढताच येणार नव्हतं त्यामुळे घाई कसलीच नव्हती. स्टूल ओढून मायक्रोस्कोपला डोळे लावून बसले. काड्या. बऱ्याच वेळाने एक टोक वाकलं. मी आधी काही मानलं नाही. मग ते वळून स्वतःभोवती फिरायला लागलं.

वहीत खूण नाही केली. मोजले. तेवीस हलत होते, तेवढा आकडा लिहिला, आणि सव्वासातची पकडली.